नुसत्या पाण्यानं पुसलेली फरशी

"उद्या या व्हरांड्यात फिनेलचा एक थेंब जरी पडला, तर गाठ माझ्याशी आहे," मी हौसाबाईला म्हटलं आणि तिच्या बादलीत डोकावून आलेसुद्धा.

हौसाबाई आमच्या सिव्हिल हॉस्पिटलची सफाई कामगार, माझ्याही आधी तीन-चार वर्षं नोकरीला लागलेली. ती पदर तोंडाला लावून हसली. "सिस्टर, उंद्या बुधवार हाय. बोर्डाचा दिस. मोठं सायेब फिरत्यात. वास न्हाई आला तर म्हनतील, बाईनं पुसलंच न्हाई."

"म्हणू देत. मी आहे ना."

मी आहे ना. सव्वीस वर्षं त्या इमारतीत मी हे इतक्यांदा म्हटलं होतं, की माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. कुणाच्या सासूला खाट मिळत नाही, कुणाचा एक्स-रे अडकलाय, चला मगदूम सिस्टरांकडे. शब्दाला वजन होतं माझ्या, आणि खोटं कशाला बोलू, ते वजन मला आवडायचं. त्या मंगळवारी मी ते सगळं वापरलं. दिव्यांग प्रमाणपत्राच्या बोर्डाची कागदपत्रं बघणारे डोईफोडे भाऊसाहेब रोज सकाळी टेबलावरच्या फोटोपुढं दोन उदबत्त्या लावायचे, त्यांना एक दिवस देवाला नुसता नमस्कार करायला सांगितलं. बोर्डाच्या खोलीत भिंतीवर सुवासाची डबी टांगलेली होती, ती काढून कपाटात कोंबली. खिडक्या उघडल्या. शिपायाला बजावलं, उद्या केसांना तेल चोपडून येऊ नकोस. तो म्हणाला, "सिस्टर, मंत्री येणार हायत काय?"

मंत्री नव्हते येणार. आमचे हे येणार होते.

हे म्हणजे जयकुमार मगदूम, प्राथमिक शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून मीही चारचौघांत गुरुजीच म्हणते. उंचेपुरे, आवाज असा की बिनमाईकचं झेंडावंदन व्हावं. त्या बुधवारच्या पाच वर्षं आधी त्यांची बदली द्राक्षाच्या पट्ट्यातल्या एका गावी झाली. शाळेच्या तिन्ही बाजूंना बागा. तिथं फवारणीच्या विषाला सगळे औषधच म्हणतात, आणि हंगामात ते औषध दिवसाआड मारलं जातं. एका जानेवारीत सकाळी प्रार्थना चालू असताना शेजारच्या बागेतला फवारणीचा ट्रॅक्टर बांधाजवळ वळला आणि वारा शाळेकडं फिरला. गुरुजींनी पोरांना वर्गात कोंडलं, आणि स्वतः बाहेर राहून एकेक खिडकी ओढून घेतली. सतरा खिडक्या होत्या. मुलं खोकली, संध्याकाळपर्यंत बरी झाली. गुरुजी काही बरे झाले नाहीत.

आधी फक्त फवारणीचा त्रास व्हायचा. मग रंगाचा व्हायला लागला, मग पेट्रोलचा, अत्तराचा, डांबरगोळ्यांचा, कपड्याच्या साबणाचा. वास आला की थोड्या वेळानं डोकं धरायचं, हात कापायचा, जीभ जड व्हायची, पाय लटपटायचे. दोन-तीन तासांनी माणूस पूर्ववत. आमच्या घरातून एकेक वस्तू बाहेर गेली. पावडर गेली, उदबत्ती गेली, माझं नारळाचं वासाचं तेल गेलं. आणि मी तर हॉस्पिटलातून स्पिरिट आणि फिनेल अंगावर घेऊनच यायची. मग मागच्या दारानं आत शिरायचं, तिथंच मोरीत अंघोळ, युनिफॉर्म बाहेरच्या बादलीत, डोक्यावरून पाणी, आणि मग नवऱ्याचं तोंड बघायचं. थंडीतसुद्धा. मैत्रिणी म्हणायच्या, मगदूम सिस्टरांचं सोवळं कडक आहे बाई.

तपासण्या किती केल्या, त्याला हिशोब नाही. रक्त, छाती, डोक्याचा फोटो. सगळं नॉर्मल. शाळेत तर चेष्टेचा विषयच झाला. एक शिक्षक मुद्दाम अत्तर लावून यायचा आणि विचारायचा, "गुरुजी, आज चक्कर कितीच्या ठोक्याला?" गुरुजी हसायचे. घरी आल्यावर हसायचे नाहीत.

शेवटी शिक्षण खात्यातल्या साहेबांनी सरळ सांगितलं, की दिव्यांगाचं प्रमाणपत्र आणा, मुदतीआधीच्या बदलीचा प्रस्ताव मी स्वतः पाठवतो. माळावरच्या दुष्काळी भागात दोन शिक्षकी शाळा रिकामी होती. आजूबाजूला बाभळी आणि वारा, द्राक्षाचा वेल औषधालाही नाही. तिथं जायला कुणी तयार नव्हतं आणि आमचे गुरुजी तिचा फोटो मोबाईलवर उघडून बघत बसायचे. प्रमाणपत्र नसेल तर मात्र दोन वर्षं आहे तिथंच. तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. ऑक्टोबरात बागांची छाटणी होते, आणि छाटणी झाली की फवारण्या सुरू. "हा हंगाम माझ्यानं निघायचा नाही, त्रिशला," ते एका रात्री जेवताना म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवून उठले.

प्रमाणपत्र देणारं बोर्ड माझ्याच हॉस्पिटलात दर बुधवारी बसायचं. त्यातले डॉक्टर निंबकर नवीन होते, तरुण, आणि मन लावून ऐकणारे. त्यांना मी आधीच भेटून आले होते. त्यांनी कायद्यातली यादी काढून दाखवली. एकवीस प्रकार. त्यात गुरुजींच्या दुखण्याचं नावच नव्हतं. "पण सिस्टर," ते म्हणाले, "मज्जासंस्थेचे जुनाट आजार यादीत आहेत. हाताचा कंप, चाल, बोलणं, हे मला तपासणीत दिसलं, तर मी तसं लिहू शकतो. मात्र दिसलं पाहिजे. मी ऐकीव लिहिणार नाही."

"दिसेल," मी म्हटलं. आणि घरी जाता जाता ठरवलं, की या माणसाला माझ्याच हॉस्पिटलात त्रास होऊ द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि त्या एकमेकींच्या वैरिणी आहेत हे सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईच्या ध्यानात आलं नाही.

बुधवारी गुरुजी आले ते पांढरा, नुसत्या पाण्यात धुतलेला सदरा घालून, तोंडाला दुपदरी सुती रुमाल बांधून. व्हरांड्यात पाय ठेवताना दचकलेच. मग रुमाल जरा खाली केला, पुन्हा वास घेतला.

"हे सिव्हिलच आहे ना?" ते म्हणाले.

"चला आत. सगळं बघितलंय मी."

हौसाबाई खांबाआडून बघत होती. "निस्त्या पान्यानं पुसलंया, गुरुजी. दोनदा," ती म्हणाली. गुरुजींनी तिला हात जोडले. ती लाजून बादली घेऊन पळाली.

आमचा नंबर साडेअकराला लागला. रांगेत कुबड्या होत्या, व्हीलचेअर होत्या, आईच्या कडेवरची मुलं होती. त्यांच्यातून गुरुजी ताठ चालत आत गेले. एका म्हातारीनं मला विचारलं, "ह्ये डाक्टर हायत का?" मला बरं वाटलं, हेसुद्धा सांगायला हवं.

डॉक्टर निंबकरांनी त्यांना चालायला लावलं. सरळ चालले. डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं. उभे राहिले. बोटानं नाकाचा शेंडा, हातोडीनं गुडघ्यावर ठोका, जीभ बाहेर, शंभरातून सात वजा करत या. गुरुजींनी सात वजा करत करत शेवटपर्यंत उतरून दाखवलं, खणखणीत आवाजात, वर्गात पाढे घ्यावेत तसं. दुसऱ्या टेबलावरचे हाडांचे डॉक्टरसुद्धा मान वर करून बघायला लागले.

निंबकरांनी पेन खाली ठेवलं. "गुरुजी, तुमचा हात तर माझ्याहून स्थिर आहे."

"आज बरं वाटतंय," गुरुजी म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मलाही तेव्हाच कळलं. उघड्या खिडक्यांतून छान वारा येत होता.

मी मध्ये पडून बोलायला लागले. आज वास नाही म्हणून, एरवी बघा, शाळेत बघा, घरी बघा. निंबकरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तपासणीच्या रकान्यात लिहिलं, 'तपासणीत दोष आढळला नाही.' मग पेनाचं टोपण लावत हळू आवाजात म्हणाले, "मी दोनपर्यंत बसलोय. त्याआधी काही फरक पडला, तर आणा. मी पुन्हा बघेन."

बाहेर आल्यावर गुरुजी भिंतीला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, महिन्याभरानं परत अर्ज करू. ते म्हणाले, "छाटणी पंधरा दिवसांवर आलीय." आणि मग, "फिनेल कुठं ठेवतात तुमच्याकडं?"

"नाही. ते काही चालणार नाही."

"त्रिशला, मी एकटा शोधायला गेलो तर विचारत विचारत जावं लागेल. लोकांना काय सांगू?"

पुरुषांच्या वॉर्डमागं एक लहान खोली आहे. फडकी, बादल्या, फिनेलचे कॅन, सगळं तिथंच. खिडकी नाही. मी त्यांना तिथं घेऊन गेले. हौसाबाई आतच फडकी पिळत बसली होती. तिला मी बाहेर घेतलं आणि कॅनचं झाकण माझ्या हातानं उघडलं. गुरुजी रुमाल सोडून, घडी करून खिशात ठेवून, उलट्या बादलीवर बसले. मी दारात उभी राहिले, युनिफॉर्मवर अडकवलेलं घड्याळ हातात धरून. माणसाला सलाईन लावून उभं राहावं तशी.

"तू जा," ते म्हणाले. "बघू नकोस."

मी गेले नाही. पाच मिनिटं काही नाही. ते मला त्या माळावरच्या शाळेबद्दल सांगत होते, की पटावर एकोणीस मुलं आहेत, विहीर लांब आहे. दहाव्या मिनिटाला त्यांनी कपाळ चोळलं. मग एक वाक्य बोलताना मध्येच थांबले, शब्द सापडेना. ओठांचा रंग गेला. डावा हात मांडीवर होता, त्याची बोटं आपापली हलायला लागली, आणि त्यांनी उजव्या हातानं ती दाबून धरली, तरी हलत राहिली. अठराव्या मिनिटाला ते बादलीवरून खाली कलले. मी आणि हौसाबाईनं त्यांना धरलं. नाडी एकशे चोवीस. हात बर्फासारखा. आजवर त्यांचा त्रास मी घरीच बघितला होता, तोही बायको म्हणून, स्वयंपाकघरातून ये-जा करत. हातात घड्याळ घेऊन, पेशंट म्हणून, कधी बघितला नव्हता.

व्हीलचेअर हौसाबाईनं ढकलली. वाटेत तिच्या डोळ्यांना धार लागली होती. पावणेदोनला आम्ही बोर्डाच्या खोलीत होतो.

निंबकर खुर्चीवरून उठूनच पुढं आले. नाव विचारलं. "ज... जय..." पुढं येईना. हात पुढं करायला सांगितला, तो फडफडत वर आला आणि पडला. उभं करून बघितलं, दोघांनी धरावं लागलं. निंबकरांचा चेहरा बदलला होता. ते खुर्चीत बसून लिहायला लागले, आणि मी त्यांचं पेन कागदावर चालताना बघत मनात म्हटलं, झालं. मिळालं. त्या खोलीत माझा नवरा मान टाकून बसला होता आणि मी खुशीत होते.

तेवढ्यात आमच्या हॉस्पिटलचे प्रमुख आत आले. बोर्डाचे अध्यक्ष तेच. सकाळी ते मीटिंगमध्ये अडकले होते, सह्या करायला आले होते. त्यांनी कागद उचलला. सकाळचं वाचलं, दुपारचं वाचलं, गुरुजींकडं बघितलं. "दोन तासांत एवढं? मधल्या वेळात पेशंट कुठं होता?"

मी उत्तर जुळवेपर्यंत हौसाबाई बोलली. तिच्या मनात चांगलंच होतं. "सायेब, लई तरास हाय वो गुरुजींस्नी. सिस्टरनी काल सांगून ठिवलंतं, फिनेल टाकू नगा. म्हनून सकाळी बरं हुतं. दुपारी माज्या खोलीत बसविलं, तवा कुठं असं झालं बगा. मी सोता बघितलंय."

प्रमुख साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या आईच्या शेवटच्या आजारात मी पंधरा रात्री काढल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला.

"सिस्टर, हे खरं आहे?"

"खरं आहे, सर."

"बोर्डाच्या दिवशी सफाई थांबवली. भाऊसाहेबांनाही सूचना दिल्या म्हणे. आणि मग पेशंटला तुम्हीच फिनेलजवळ नेलं."

"सर, त्याशिवाय दिसलं नसतं."

"तेच म्हणतोय मी. तुम्ही ठरवलंत की दिसत नाही, तुम्ही ठरवलंत की दिसतं. उद्या कुणी चौकशी लावली, तर मी काय सांगू? बाहेर शंभर माणसं बसलीत, त्यांच्या घरी कुणी सिस्टर नाही."

निंबकरांनी प्रयत्न केला. म्हणाले, सर, लक्षणं खरी आहेत, अशी आणून दाखवता येत नाहीत. साहेब म्हणाले, असतील. पण तीन तासांनी जातात ना? जाणाऱ्या दुखण्याला कायमचं कसं म्हणायचं, यादीतल्या कुठल्या ओळीत बसवायचं, ते सांगा. निंबकरांनी आपला अर्धा लिहिलेला कागद साहेबांकडं सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

कागद आजही माझ्याकडं आहे. सकाळची तपासणी सामान्य. दुपारची लक्षणं रुग्णानं स्वतः ओढवून घेतलेली व तात्पुरती. अर्जदाराची पत्नी याच रुग्णालयात परिसेविका असल्यानं हस्तक्षेपाची शक्यता. दिव्यांगत्व शून्य टक्के. मानसोपचार विभागात दाखवावे. सकाळी केलेली माया आणि दुपारी केलेला छळ, दोन्ही माझेच, आणि दोन्ही त्यांच्याविरुद्ध एकाच कागदावर लागले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुन्हा अर्ज केला, तो त्याच शेऱ्यावर परत आला. बदली झाली नाही. छाटणी वेळेवर झाली. डिसेंबरात गुरुजी वर्गातच पडले आणि जानेवारीत त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता ते माळावर दोन खोल्या बांधून एकटे राहतात. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. रविवारी डबा घेऊन जाते, अंघोळ करून, वारा असेल तर अंगणात बसते. हॉस्पिटलचा वास माझ्या अंगातून गेलेला नाही असं ते म्हणतात. मला काही तो येत नाही.

पण त्या बुधवारी तिथून आम्ही लगेच घरी गेलो नव्हतो. ते रिक्षात बसण्याच्या अवस्थेत नव्हते. सायकलस्टँडच्या मागं एक बाक आहे, तिथं मोकळा वारा येतो, म्हणून मी त्यांना तिथं बसवलं. चार वाजेपर्यंत हात थांबला. जीभ हळूहळू सैल झाली. मी तो कागद पर्समध्ये दडवला होता, पण त्यांनी सगळं ऐकलंच होतं.

मग ते म्हणाले, "जाऊ दे. लिहिलं नाही तर नाही. तू तर बघितलंस ना?"

त्यांना मला धीर द्यायचा होता. मलाही त्यांना द्यायचा होता. अठरा मिनिटं जे बघितलं होतं, ते अजून माझ्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं, आणि मी ते मनापासून, जसं आलं तसं बोलून गेले.

"बघितलं हो. नाडी एकशे चोवीस होती, मी मोजली. ओठ पांढरे पडले होते. हे कुणी मुद्दाम करू शकत नाही. सगळं खरं आहे. अगदी खरं आहे."

गुरुजी माझ्याकडं वळले. चार वर्षं मी मागच्या दारानं आले होते, गार पाण्यानं न्हाले होते, तेल-पावडर टाकली होती, लोकांशी भांडले होते. एवढं सगळं करणाऱ्या बाईच्या मनात रोज मोरीत पाणी ओतताना काय यायचं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तपासण्या नॉर्मल येतात, त्या आम्हीच करतो, आम्हाला ठाऊक असतं. निम्मं मनाचं असणार, असं मी धरूनच चालले होते. नवरा आहे म्हणून करत होते.

"म्हणजे आज कळलं तुला," ते म्हणाले.

रागानं नाही म्हणाले. पोराची वही तपासताना चूक सापडावी, तसं म्हणाले. तेव्हा चटकन म्हणायला हवं होतं, की काहीतरीच काय बोलता, मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी पर्सचा बंद नीट करत राहिले, आणि ते माझ्याकडं बघत होते तेवढ्यात वेळ निघून गेली.

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी मोडून दुपदरी केला, तोंडाला बांधला आणि बाकावर थोडे बाजूला सरकून बसले.

मला वाटलं, स्पिरिटचा वास येत असेल.

त्यानंतर आपल्या दुखण्याबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. रविवारी गेले की मी विचारते, बरं आहे ना? ते म्हणतात, हो, सगळं नॉर्मल.